दिवसभर माणसं शोधायची आणि पहाटे लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा: "मी पुण्यात एका स्टाफिंग कंपनीत, म्हणजे इतर कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या कंपनीत, चार वर्षं तीन महिने रिक्रूटर आहे. वय २९. मराठी आणि इंग्रजी दोन्ही बरं लिहिता येतं, ओळखीतून अधूनमधून लेखनाची कामं येतात. नोकरी सांभाळून हे नीट करता येईल का? कंपनीला सांगायचं का? पैसे किती मागायचे? नोकरी कधी सोडायची? आणि लेखनाला स्वतःचं नाव लावायचं की टोपणनाव?"

मी १७ वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे आणि त्यातली ११ वर्षं बाहेरची लेखनाची कामं घेते आहे. नोकरी सोडलेली नाही, म्हणून सोडण्याबद्दल जे सांगेन ते काठावरून पाहिलेलं आहे हे आधीच सांगते. बाकी सगळं स्वतः केलेलं आहे.

करता येतं. सगळे आधी वेळेचं विचारतात, पण आपल्या धंद्यात खरी टंचाई वेळेची नसते. दिवसाला तीस-चाळीस फोन होतात. सध्याचं पॅकेज किती, अपेक्षा किती, नोटीस किती दिवसांची, खराडी चालेल की हिंजवडीच हवं. संध्याकाळी हात रिकामे असतात, पण बोलणं संपलेलं असतं. घरी कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचा कंटाळा येतो. "रात्री जेवणं उरकली की लिहीन" हा बेत मी दोन वर्षं चालवला. रात्री लिहिलेलं सकाळी वाचायला घेतलं की पानभर "उत्तम संधी", "नामांकित संस्था", "आकर्षक" असे शब्द सापडायचे. फोनवर दिवसभर जे बोलत होते तेच कागदावर उतरत होतं. लेख हातमागावरच्या साडीबद्दल होता आणि भाषा मात्र नोकरीच्या जाहिरातीची.

तेव्हापासून मी पहाटे लिहिते. साडेपाच ते सव्वासात, फोन दुसऱ्या खोलीत. उमेदवाराचा पहिला मेसेज वाचण्याआधी जे लिहून होतं तेच माझं असतं. एकदा का "मॅडम, आज जॉइनिंग आहे पण आईला बरं नाही" हा मेसेज वाचला की त्या दिवसाचं लेखन आटोपलं. पाच दिवस पावणेदोन तास आणि शनिवारी तीन, म्हणजे आठवड्याला पावणेबारा तास. तुमचे दहा भरतील किंवा सहा. जो आकडा येईल तो कागदावर लिहून ठेवा, कारण दर ठरवताना आणि कामाला नाही म्हणताना तोच लागतो.

माझी सुरुवात एका जाहिरातीपासून झाली. २०१४ मध्ये चाकणच्या एका कारखान्याला व्हीएमसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन चालवणारे, हवे होते. आमच्याकडून गेलेली मराठी जाहिरात इंग्रजीवरून उतरवलेली होती: गतिमान, ध्येयवेडा, संघभावना असलेला उमेदवार. फोन येत नव्हते. मी एक दिवस कारखान्यात जाऊन कॅन्टीनमध्ये बसले आणि तिथल्या मुलांना विचारलं, की इथे यायच्या आधी तुम्हाला काय काय जाणून घ्यायचं होतं. मग जाहिरात अशी लिहिली: "व्हीएमसी ऑपरेटर. आयटीआय मशिनिस्ट किंवा टर्नर. फॅनुक कंट्रोलवर ऑफसेट देता यायला हवा, प्रोग्रॅम आम्ही देतो. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. निगडी आणि भोसरीहून कंपनीची बस. कॅन्टीनचं जेवण पगारातून कापत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने, पगारासोबतच जमा." त्या आठवड्यात फोन घेऊन घेऊन माझा घसा बसला.

हे लेखन आहे असं तोवर मला वाटलंच नव्हतं. वाचणाऱ्याला काय हवंय ते त्याच्याकडे जाऊन विचारायचं आणि तेवढंच त्याच्या शब्दांत लिहायचं. पुढे माहितीपत्रकं लिहिली, संस्थांचे अहवाल लिहिले, दिवाळी अंकांना लेख दिले. याहून मोठी युक्ती मला सापडलेली नाही.

दुसरं भांडवल आहे मुलाखतीचं, आणि ते लेखनाच्या शिबिरात मिळत नाही. आपण उमेदवाराला "तुम्ही दबावाखाली काम करू शकता का" असं विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. आपण विचारतो, "शेवटची डेडलाइन कधी चुकली, त्या दिवशी काय झालं?" हीच सवय लेखनात घेऊन जा.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांच्या पेढीसाठी मला माहितीपत्रक लिहायचं होतं. मालकांना "धंदा कसा उभा राहिला" विचारलं तर "वडिलांची पुण्याई, ग्राहकांचा विश्वास" असं दोन मिनिटांत संपलं. मग मी विचारलं, "तुम्ही लहानपणी वडिलांबरोबर पहिल्यांदा हरिपूरला गेलात तो दिवस आठवतो का?" हरिपूर म्हणजे सांगलीजवळचं हळदीच्या पेवांचं गाव. जमिनीखाली खोदलेल्या त्या पेवांत पिढ्यान् पिढ्या हळद साठवली जायची. काका थोडा वेळ गप्प बसले. मीही बसले. मग म्हणाले, "पेव उघडलं की वडील आम्हाला हाताला धरून लांब उभं करायचे. आत हवा नसते. आधी कंदील सोडायचा दोरीनं. विझला तर अजून थांबायचं. मी विचारायचो, आता? ते म्हणायचे, कंदिलाला विचार."

माहितीपत्रकाची सुरुवात तिथेच मिळाली. त्यानंतर पाऊण तास ते बोलत होते: हमालांबद्दल, पावसाळ्याआधी पेवाचं तोंड बंद करण्याबद्दल, पुरात गेलेल्या पेवांबद्दल. मी त्यात एवढंच केलं की एका ठरावीक दिवसाबद्दल विचारलं आणि नंतरची शांतता मोडली नाही. पगाराच्या वाटाघाटीत आपण आकडा सांगून गप्प बसतो ना, तसंच. हे तुम्हाला चार वर्षांच्या सरावाने येतच असणार, फक्त तुम्ही त्याला लेखनाचं कौशल्य म्हणत नसाल.

आणि सध्या तेच टिकाऊ आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि "मुलाखतीची तयारी कशी करावी, दहा टिप्स" छापाची कामं माझ्या हातून वर्षभरात गेली. त्याबद्दल मला दुःख नाही. पण कंदिलाची गोष्ट कुठल्याही यंत्राला आधी माहीत नव्हती, ती एका माणसाच्या डोक्यात होती. प्रत्यक्ष माणसाला भेटून, ऐकून लिहायची कामं धरा.

आता कुठली कामं घ्यायची नाहीत ते. याबाबत मी ठाम आहे.

उमेदवारांचे रेझ्युमे पैसे घेऊन लिहायचे नाहीत. रिक्रूटरकडे सगळ्यात आधी हेच काम चालून येतं, कारण लोकांना वाटतं हिला आतलं माहीत आहे. पण ज्याने तुम्हाला दोन हजार रुपये दिले त्याचाच रेझ्युमे उद्या तुमच्यासमोर शॉर्टलिस्टला येणार. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, त्याला वाटणार की पैसे दिले म्हणून काम झालं, आणि निवड न झालेल्या मुलीला वाटणार की पैसे दिले नाहीत म्हणून राहिलं. नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांनी आधीच आपल्या धंद्याचं नाव पुरेसं खराब केलं आहे. भाचीचा, शेजारच्या मुलाचा रेझ्युमे बसून नीट करून द्या, फुकट द्या. बिल फाडू नका.

उमेदवारांच्या गोष्टी लिहायच्या नाहीत, नाव बदलूनसुद्धा. आपल्याला लोक फार खाजगी सांगतात. गरोदर आहे म्हणून थांबलेय, नवरा पितो म्हणून गाव बदलायचंय, आधीच्या साहेबांनी त्रास दिला. त्यांनी ते नोकरीसाठी सांगितलेलं असतं. "पिंपरीची, दोन मुलं, गॅप तीन वर्षांचा" एवढ्यावरून ओळखणारा कुणीतरी निघतोच. आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, आणि ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरायची हा त्याचा गाभा आहे. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. त्याचप्रमाणे कंपनीच्या पोर्टल लॉगिनमधून किंवा डेटाबेसमधून लेखनासाठी एकही नंबर उचलायचा नाही. ते सगळं कुठे नोंदलं जातं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि कंपनीच्या ग्राहकाकडून काम घ्यायचं नाही. चाकणच्या त्या कारखान्याच्या एचआर मॅनेजरनी महिन्याभरात मला फोन केला, की मशीनवर लावायच्या सुरक्षेच्या सूचना अशाच मराठीत लिहून द्या, वेगळे पैसे देतो. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ग्राहक आपला आहे, तुम्ही परस्पर बिल द्यायचं नाही." मग त्या सूचना मी ऑफिसच्या वेळेत, कंपनीचं काम म्हणूनच लिहिल्या. तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं साहेबांचं बरोबर होतं. दीड वर्षाने तेच मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेले, तिचा आमच्याशी काही संबंध नव्हता, आणि तिथून त्यांनी मला पहिलं मोठं काम दिलं. आपल्या ओळखीची माणसं दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतात. रिक्रूटरचं जाळं काही न करता पसरत जातं, त्यासाठी नियम वाकवावा लागत नाही.

कंपनीला सांगायचं का? हो, आणि लेखी. आधी तुमचं नेमणूकपत्र काढून "अन्य नोकरी किंवा व्यवसाय" अशा अर्थाचं कलम वाचा. बहुतेक पत्रांत ते असतं आणि बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं. २०२२ मध्ये याच मुद्द्यावर मोठी चर्चा झाली होती: विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, स्विगीने अटींसह बाहेरच्या कामाला परवानगी देणारं धोरण आणलं, इन्फोसिसने आधी ताकीद दिली आणि मग पूर्वपरवानगीने छोटी कामं करायला वाट ठेवली. म्हणजे कंपनीगणिक वेगळं. कुणी तुम्हाला सांगेल की करार कायद्याच्या कलम २७ मुळे अशी बंधनं टिकत नाहीत. ते नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांबद्दल. नोकरी चालू असतानाचं बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच वैध धरलं आहे. कलम २७ वर विसंबून लपवाछपवी करू नका.

मी पाठवलेला मेल असा होता, हवा तर जसाच्या तसा वापरा: "मी ऑफिसच्या वेळेबाहेर, स्वतःच्या लॅपटॉपवर, लेख, माहितीपत्रकं आणि भाषांतराची कामं करू इच्छिते. कंपनीचे ग्राहक, उमेदवार आणि स्पर्धक यांच्याकडून काम घेणार नाही. कंपनीकडची कोणतीही माहिती वापरणार नाही. कामावर परिणाम होत असल्याचं वाटल्यास मला सांगावं, मी बाहेरचं काम थांबवेन. कंपनीची हरकत नसल्याचं कृपया लेखी कळवावं." उत्तर यायला पाच आठवडे लागले, मी दोनदा आठवण केली. एका ओळीचं उत्तर आलं. त्याची प्रिंट मी घरच्या फायलीत ठेवली आहे, कारण नोकरी गेली की ऑफिसचा मेलही जातो.

लपवणारे म्हणतात, पीएफ खात्यात तर एकाच नोकरीची नोंद आहे, कळणार कसं? बाहेरच्या ग्राहकाने पैसे देतानाच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तुमच्या पॅनवर दिसतो, आणि पुढची नोकरी घेताना काही कंपन्या पार्श्वभूमी तपासणीत फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर कापलेल्या कराचा सरकारी उतारा, मागतात. तपासणी करून घेणाऱ्या बाजूला आपणच बसलेलो असतो, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. लेखी परवानगी असेल तर तो कागद पुढे करायचा आणि विषय संपवायचा.

पैशांचं. शब्दाला किती, या प्रश्नाने सुरुवात करू नका. काम किती तासांचं ते आधी मोजा. मुलाखत घेऊन लिहिलेल्या हजार शब्दांच्या लेखाला मला मुलाखतीचा एक तास, ऐकून उतरवायला दोन, पहिल्या खर्ड्याला तीन आणि दुरुस्त्यांना दोन असे आठ तास लागतात. शब्दाला एक रुपया म्हणजे तासाला १२५ रुपये. तुमचा पगार महिन्याला ६० हजार आणि कामाचे तास २०० धरले तर ऑफिस तुम्हाला तासाला ३०० देतं. पहाटेची झोप मोडून त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत का लिहायचं? मी सुरुवातीला शब्दाला ५० पैशांनीही लिहिलं, आणि त्यातून एवढंच मिळालं की तो ग्राहक पुन्हा ५० पैशांचंच काम घेऊन आला. आता कामाचा एकूण आकडा सांगते. हजार शब्दांच्या अशा लेखाला चार हजारांच्या खाली जात नाही. कथा, कविता, दिवाळी अंकातला मनापासूनचा लेख हा हिशोब वेगळा. तिथे मानधन जे येईल ते येईल, तो अंक हातात घेण्याचा आनंद मला अजूनही तितकाच होतो. पण तो पोट भरायचा मार्ग धरू नका.

ग्राहक मिळवायचं गणित तुम्हाला येतंच. चाळीस प्रोफाइल काढले की बारा जणांशी बोलणं होतं, चार मुलाखतीला जातात, एक जॉइन होतो. लेखनात अगदी तसंच. म्हणून दोघांनी "नक्की करू" म्हटलं की हात आखडू नका. ऑफर लेटर घेऊन जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करणारे आपण पाहिले आहेत, आणि ग्राहक त्याहून वेगळे नसतात. आगाऊ रक्कम खात्यात पडली की काम मिळालं असं मानायचं.

हे मी फटका खाऊन शिकले. २०१७ मध्ये एका एजन्सीने माझ्याकडून एकामागून एक १४ लेख लिहून घेतले, बिल झालं २१ हजार. अकाउंट्सवाले रजेवर आहेत, अंतिम ग्राहकाने दिले नाहीत, पुढच्या शुक्रवारी नक्की, असं सात महिने चाललं. शेवटी नऊ हजार आले आणि फोन उचलणं बंद झालं. पैशांपेक्षा मला त्या १४ पहाटांचं वाईट वाटलं. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, तो उठायच्या आत मी ते लेख लिहून काढले होते.

त्यानंतर नियम केला: नवीन ग्राहकाकडून निम्मे आधी, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीला वेगळे पैसे, आणि पहिलं बिल मिळाल्याशिवाय दुसरं काम सुरू करायचं नाही. हे सगळं मेलवर, चार ओळींत. शिवाय उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते, कुणा एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे करारात मुदत असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्च म्हणून वजाही करता येत नाही. मी आजवर तक्रार केलेली नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि "देय मुदत ४५ दिवस" एवढं छापायला लागल्यापासून अकाउंट्सकडून होणारी टाळाटाळ बरीच कमी झाली आहे.

लेखनाच्या हक्काबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं कंपनीचं. चाकणची ती जाहिरात माझी नाही. स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक मात्र लेखक असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतं. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ग्राहकाच्या करारात "कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत" असं असेल तर तो सगळं मागतोय हे ओळखा आणि त्याप्रमाणे किंमत लावा. माहितीपत्रकाचे हक्क मी खुशाल देऊन टाकते. दिवाळी अंकातल्या लेखाचे देत नाही, पुढे पुस्तक करायचं झालं तर ते लागतील.

कर. लेखनाचे पैसे नियमित येऊ लागले की ते "इतर उत्पन्न" नव्हे, व्यवसायाचं उत्पन्न. पगारदारांचा साधा आयटीआर-१ मग चालत नाही. व्यावसायिक शुल्कावर ग्राहक १० टक्के टीडीएस कापतो. एका ग्राहकाकडून वर्षाला ३० हजारांपर्यंत तो कापला जात नसे, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५० हजार झाली. कापला नाही म्हणजे कर नाही असं मात्र नव्हे. टीडीएस जाऊन वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त उरत असेल तर आगाऊ कर भरायचा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. जीएसटीची नोंदणी सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, म्हणजे आपल्याला त्याची काळजी नाही. निम्मी रक्कम नफा धरून कर भरायची सोय आपल्याला आहे असं कुणी सांगितलं तर आधी सीएला विचारा, ती ठरावीक व्यवसायांनाच आहे. दर बिलातले ३० टक्के मी वेगळ्या बचत खात्यात टाकते आणि विसरते. मार्चमध्ये ते आठवतं.

कॅलेंडरचा एक पेच आमच्याच धंद्यात येतो. एप्रिल-मेमध्ये पगारवाढी आणि बोनस हातात पडले की लोक राजीनामे देतात. साठ-नव्वद दिवसांची नोटीस धरली तर जून ते सप्टेंबर आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यात कॉलेजांतली भरतीही सुरू होते. आणि दिवाळी अंकांचे लेख नेमके जुलै-ऑगस्टमध्ये मागितले जातात. मी दिवाळीचा लेख फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहून ठेवते आणि संपादकांना मे महिन्यातच विचारते. लवकर आलेल्या लेखाकडे ते निवांत पाहतात, असा माझा अनुभव आहे. महिन्याचा शेवटचा आठवडा तर कुठल्याही ग्राहकाला देऊ नका. जॉइनिंगचे आकडे भरायचे दिवस ते, एक माणूस गळाला की सगळं कोलमडतं.

नोकरी कधी सोडायची? आत्ता नाही, आणि याला एक अगदी साधं कारण आहे. तुम्हाला पाच वर्षं पूर्ण व्हायला नऊ महिने आहेत. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग नोकरीवर मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याचे पंधरा भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. मूळ पगार ३० हजार धरला तर साधारण साडेशहाऐंशी हजार होतात. एवढ्यात तुमचे दोन-तीन महिने निघतील. ते सोडून जाऊ नका.

त्यानंतरही माझी कसोटी कडक आहे. मागच्या बारा महिन्यांत लेखनाचे जे पैसे प्रत्यक्ष खात्यात आले त्यातून सगळ्यात मोठा ग्राहक वजा करा. उरलेल्यात घराचा हप्ता, किराणा, आईवडिलांची औषधं आणि स्वतः काढलेल्या आरोग्य विम्याचा हप्ता बसतो का? कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो, हे रिक्रूटर असूनही आपण स्वतःच्या बाबतीत विसरतो. मोठा ग्राहक वजा करायला सांगते कारण तो एका मेलने जातो. २०२० च्या एप्रिलमध्ये माझे चारपैकी तीन ग्राहक एका आठवड्यात थांबले, त्यात सगळ्यात मोठाही होता. पगार, तोही कापून, येत राहिला म्हणून घर चाललं. मी सोडली नाही त्यामागे पैशांखेरीज आणखी एक गोष्ट आहे. मला माणसं भेटणं हवं असतं. घरी बसून आठवडाभर लिहिलं की माझ्या वाक्यांत माणसं येईनाशी होतात. तुमचं तसं नसेल. सोडायच्या आधी पंधरा दिवसांची रजा एकदम घेऊन फक्त लिहून बघा, दहाव्या दिवशी कसं वाटतं ते लक्षात ठेवा.

राहिलं नावाचं. टोपणनाव कंपनीपासून लपायला घेत असाल तर उपयोग नाही, बिलं आणि टीडीएस पॅनवरच होणार. कथा-कवितांसाठी वेगळं नाव मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या, मराठीत त्याची जुनी परंपरा आहे. कामाच्या लेखनाला मात्र स्वतःचं पूर्ण नाव लावा, कारण पुढचं काम त्या नावाला शोधत येतं. आणि मासिकाला टोपणनावाने लेख पाठवलात तर सोबतच्या मेलमध्ये पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जसंच्या तसं द्या. माझ्या मैत्रिणीचा मानधनाचा चेक टोपणनावाने निघाला, बँकेने तो परत केला, आणि दुसरा चेक यायला पुढची दिवाळी उजाडली.